गव्हर्नर आणि गवार

समस्त नागरिकांस कळविण्यास आनंद होतो की, आमच्या घरी ‘स्वयंपाकघर धोरण समिती’ स्थापन झाली आहे. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती २०१६ पासून सहा जणांची आहे, म्हणून आमचीही सहा जणांची. तिथे तीन सदस्य बँकेतले आणि तीन बाहेरचे. इथेही तीन घरातले आणि तीन बाहेरचे. घरातल्यांत मी गव्हर्नर, आई डेप्युटी गव्हर्नर आणि बीकॉमच्या पहिल्या वर्षाला असलेले चिरंजीव म्हणजे संशोधन विभाग. बाहेरच्यांत कोथरूडला राहणारा दादा, वहिनी आणि निफाडचे मामा. मामा कांदा पिकवतात. त्यामुळे त्यांना समितीत घ्यायचे की समितीसमोर आरोपी म्हणून उभे करायचे, यावर बराच खल झाला. मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक, हा बँकेचा नियम तेवढा आम्ही विनाचर्चा स्वीकारला.

आमची ही समितीत नाही. तिच्याकडे अंमलबजावणी आहे. मंडईत जाणे, निवडणे, चिरणे, फोडणीला टाकणे, वाढणे आणि उरलेले झाकून ठेवणे ही कामे कार्यकारी स्वरूपाची असून त्यांचा धोरणाशी संबंध नाही. शिवाय सगळेच समितीत बसले तर बैठकीला चहा कोण करणार?

पहिल्या बैठकीपुढचा विषय होता, महागाई म्हणजे नेमके काय. चिरंजीवांनी अभ्यासपूर्ण टिपण वाचून दाखवले. अर्थशास्त्रात ‘गाभा महागाई’ नावाची एक सोय आहे. अन्नपदार्थ आणि इंधन यांचे भाव फार उड्या मारतात म्हणून ते वगळायचे आणि उरलेल्याची महागाई मोजायची. जुलै २०२४च्या आर्थिक पाहणी अहवालाने तर त्यापुढे जाऊन, चलनवाढीचे लक्ष्य ठरवतानाच अन्न बाजूला ठेवण्याचा विचार व्हावा, असे सुचवले होते. त्यात तथ्यही आहे. व्याजदर वाढवल्याने टोमॅटो लवकर पिकत नाही.

समितीने हे सूत्र लगेच घराला लावले. वाणसामान, भाजी, दूध आणि गॅस वगळले. उरले काय, तर केबलचे पैसे, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि दारातले पायपुसणे. पायपुसणे चार वर्षांत बदललेले नाही, त्यामुळे महागाईचा दर जवळजवळ शून्यावर आला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या सरकारी निर्देशांकात खाण्यापिण्याचा भार ४५.८६ टक्के होता. म्हणजे एका ठरावात आम्ही निम्मी महागाई उडवली होती. सदस्यांनी बाके वाजवली. आई तेवढी म्हणाली, “अरे, एवढा त्रास कशाला घेता? एकादशीला मोजा, म्हणजे झालं.” त्यावर वहिनींनी साबुदाण्याचा आणि शेंगदाण्याचा भाव सांगितला आणि डेप्युटी गव्हर्नरांनी सूचना मागे घेतली.

दुसरी बैठक निवेदनाच्या भाषेची. गव्हर्नरांच्या बोलण्यात प्राणी असावे लागतात. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी महागाईचा हत्ती फिरायला बाहेर पडला असून जंगलाकडे परतताना दिसतो, असे सांगितले. ऑक्टोबरात त्याच महागाईचा घोडा झाला आणि तो तबेल्यात आणून बांधला गेला. दार उघडताना जपायला हवे, असा इशाराही त्यांनी दिला होता. दार कोणी उघडले कोण जाणे, पण त्याच ऑक्टोबरचे आकडे आले तेव्हा महागाई सहा टक्क्यांची लक्ष्मणरेषा ओलांडून ६.२१ वर गेली होती आणि भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या.

आमच्याकडे तबेला बांधण्यासारखी परिस्थिती नाही. सोसायटीत स्कूटरच्या जागेवरूनच दोन दावे चालू आहेत. म्हणून मी मांजरावर भागवले. ‘महागाईचे मांजर ओट्यावरून खाली उतरले आहे,’ असे निवेदन मी गंभीर आवाजात वाचले. स्वयंपाकघरातून अंमलबजावणी विभागाचा आवाज आला, “उतरलंय, पण पातेलं चाटूनपुसून.”

या विभागाला आकडेवारीचे भान कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाची महागाई ०.२५ टक्क्यांवर आली, इतकी खाली ती त्या मालिकेत कधीच आली नव्हती. चिरंजीवांनी ही वार्ता नाचत आणली, तर ही म्हणाली, “वाण्याला फोन करून सांग. त्याला अजून कळलं नसेल.” मग तिला समजावून सांगावे लागले की, तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी असते. गेल्या वर्षी भाज्या ४२ टक्क्यांनी चढल्या होत्या, त्या शिखरावरून खाली बघितले की पायथा स्वस्तच दिसतो. तेल मात्र या हिशेबात बसायला तयार नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीन उत्पादकांसाठी म्हणून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि ऐन सणासुदीत कढईतले तेल तापण्याआधीच भडकले. पुढच्या मे महिन्यात शुल्क दहा टक्क्यांवर आणले, पण तेलाला चढण्याची जशी घाई असते तशी उतरण्याची नसते. नारळाने तर २०२५ च्या गणपतीत असे डोके वर काढले की, एकवीस मोदकांचा नैवेद्य अकरावर आणण्यासाठी समितीला बाप्पांकडे विनंतीअर्ज करावा लागला.

खरे संख्याशास्त्रज्ञ मंडईत बसतात, हे मात्र मान्य केले पाहिजे. पूर्वी भाजीवाला किलोचा भाव सांगायचा, आता पावाचा सांगतो. ‘गवार तीस रुपये’ हे ऐकून माणूस पिशवी उघडतो, वजनाच्या वेळी ‘पाव’ हा शब्द कानावर येतो आणि तोवर गवार तागडीतून पिशवीत पडलेली असते. त्याच गवारीबरोबर पूर्वी कढीपत्ता आणि चार मिरच्या फुकट पडायच्या. आता कढीपत्त्यालाही स्वतंत्र अर्थसंकल्प आहे. समितीने गवार ही चैनीची वस्तू म्हणून घोषित केली. गवारीवर प्राण असलेल्या गव्हर्नरांनी विरोधी मत नोंदवले आणि इतिवृत्तात ते ठळक अक्षरांत छापून घेतले.

कारखानदार याहून हुशार. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच मिळतो, फक्त आतली बिस्किटे एकेक करून निघून जातात. समितीने हे तंत्र पोळीला लावण्याची शिफारस केली. व्यास कमी करायचा, संख्या तीच ठेवायची. आमटीतल्या डाळीबाबतही पारदर्शकतेचे धोरण ठरले; हल्ली वाटीचा तळ स्वच्छ दिसतो.

तिसरी बैठक पर्यायांची. त्याबाबत आपल्या राज्यकर्त्यांनी जनतेला कधी वाऱ्यावर सोडलेले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये कांद्यावरून लोकसभेत चर्चा चालू असताना, आपण कांदा-लसणाशी फारसा संबंध नसलेल्या घरातून आलो आहोत, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या राज्याच्या एका मंत्र्यांनी तर परवडत नसेल त्याने दोन-चार महिने कांदा खाल्ला नाही तर काय बिघडते, असे विचारले. यात नवीन काही नाही, असा अभिप्राय डेप्युटी गव्हर्नर आईने दिला. आषाढात कांदेनवमीला भजी-थालीपिठे खाऊन घ्यायची आणि मग चार महिने कांदा, लसूण, वांगे बंद, हे आपल्याकडे चालतच आले आहे. त्या वर्षी तर अधिक श्रावण आल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा होता. फरक इतकाच की, पूर्वी हे केल्याचे पुण्य आपल्या खात्यात जमा व्हायचे, आता ते निर्देशांकाच्या खात्यात जाते.

त्याच पावसाळ्यात टोमॅटो किलोला दोनशेच्या घरात गेला होता. उत्तर भारतात एका जगप्रसिद्ध बर्गरच्या दुकानांतून टोमॅटोची चकती गायब झाली, तेव्हा आपली आमटी जागतिक दर्जाची असल्याचे आम्हाला कळले. ती तर त्याआधीच आमसुलावर आली होती. केंद्र सरकार गाड्यांवरून स्वस्त टोमॅटो विकत होते आणि नेपाळातूनही मागवत होते.

इथे मामांनी बोलायची परवानगी मागितली. ते फोनवरून हजर होते आणि मागे मोटरीचा आवाज येत होता. “त्याच साली उन्हाळ्यात नाशकात शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, किलोला दोन रुपयेसुद्धा मिळत नव्हते म्हणून. तेव्हा तुमची समिती कुठे होती?” मी म्हणालो, “मामा, तेव्हा महागाई नव्हती.” मामा ऐकेनात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, भाडे कापून त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश आला, तोही पुढच्या तारखेचा. त्याच वर्षी कांद्याने जरा मान वर काढली, तर ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनामागे ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि डिसेंबरात सरसकट बंदी. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. नाशिकचे मतदान २० मे रोजी होते. “आता हा योगायोग समजायचा का, ते तुमचा संशोधन विभाग सांगेल,” मामा म्हणाले.

संशोधन विभागाने रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासाचा हवाला दिला. ग्राहक टोमॅटो, कांदा आणि बटाट्यासाठी मोजतो त्या रुपयातला साधारण एक-तृतीयांश वाटा शेतकऱ्याला मिळतो. “मग माझ्या कांद्याला तुम्ही शंभर मोजता तेव्हा तेहतीस माझे, आणि भाव पडला की शंभर टक्के तोटा माझा,” असे मामा म्हणत असतानाच रेंज गेली. कामकाजाच्या दृष्टीने ते बरेच झाले.

शेवटच्या बैठकीत थाळीचा विषय निघाला. क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरी शिजवलेल्या थाळीचा खर्च जाहीर करते. पोळी, भात, डाळ, कांदा-बटाटा-टोमॅटोची भाजी, दही, कोशिंबीर, शिवाय तेल, मसाला आणि गॅस, असे सगळे धरून शाकाहारी थाळी गेली काही वर्षे तीस रुपयांच्या अलीकडे-पलीकडे असते. उलट राज्य सरकारने जानेवारी २०२० मध्ये शिवभोजन सुरू केले, तेव्हा शहरातल्या थाळीचा खर्च पन्नास रुपये धरला होता. खाणाऱ्याकडून दहा, बाकीचे सरकारकडून. त्या थाळीत तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात आणि एक वाटी वरण. दही नाही, कोशिंबीर नाही, तरी वीस रुपये जास्त आणि तेही सहा वर्षांपूर्वी! दादाला यात मोठा घोटाळा दिसू लागला.

चहाचा ट्रे खाली ठेवता ठेवता ही म्हणाली, “घोटाळा कसला? शिवभोजनाच्या केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या बायकांना पैसे द्यावे लागतात. तुमच्या तीस रुपयांत लाटणारी फुकट धरलीय.”

एवढ्यावर ती थांबली नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणाचा कागदच तिने पुढे केला. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ८८. बिल्डिंगमध्ये येणाऱ्या स्वयंपाकाच्या मावशींच्या दराने या मिनिटांचा हिशेब करून तो थाळीत मिळवावा, असा तिचा प्रस्ताव होता.

समितीने त्यावर सहानुभूतीपूर्वक विचार केला. तिच्या कामाचा दर लग्नापासून शून्य आहे. इतका स्थिर दर देशात दुसऱ्या कशाचाही नाही. याला हात लावला तर घराच्या आर्थिक स्थैर्याचा पायाच खचेल, असे गव्हर्नरांचे मत पडले. तरीही महागाईचे दिवस लक्षात घेऊन समितीने उदार मनाने सध्याच्या दरात दहा टक्के वाढ मंजूर केली. शून्याचे दहा टक्के किती होतात, हे चिरंजीवांनी कॅल्क्युलेटरवर तपासून घेतले. एवढ्यात मामांची रेंज आली. ते म्हणाले, “सूनबाई, तुझा आणि माझा माल एकाच भावानं जातो बघ. आपण दोघं गिळतो, म्हणून यांची महागाई आटोक्यात राहते.” हे विधान विषयाला सोडून असल्याने कामकाजातून काढून टाकण्यात आले.

त्याच संध्याकाळी ओट्यावरून अधिसूचना निघाली. पोळी, भाजी, आमटी आणि भात यांच्या स्वयंपाकघराबाहेरील निर्यातीवर तत्काळ बंदी. आई आणि मामा ही मित्रराष्ट्रे असल्याने त्यांना सूट. मामा निफाडला असल्यामुळे त्यांच्या वाट्याचेही आईलाच मिळाले.

उरलेल्या समितीने मोबाइलवरून थाळ्या मागवल्या. बिल आले, त्यात जेवणाचे पैसे होते, वर डबा भरण्याचे, घरी आणून देण्याचे, ते अॅप चालवणाऱ्यांचे आणि पाऊस होता म्हणून पावसाचे. रांधणाऱ्यापासून दाराची बेल वाजवणाऱ्यापर्यंत एकेका हाताची किंमत लावलेली होती आणि एकही हात शून्यावर नव्हता. गवार त्यात नव्हतीच. ही भाववाढ तात्पुरत्या स्वरूपाची असल्याची नोंद करून समितीने सर्व दर ‘जैसे थे’ ठेवले.

पुढील बैठक निर्यातबंदी उठल्यानंतर होईल. मात्र अशी बंदी उठायला निवडणूक तोंडावर यावी लागते, असा पूर्वानुभव आहे, आणि आमच्या घरात निवडणूक अजून एकदाही झालेली नाही.