परतीच्या पावसास, स. न. वि. वि.

प्रति,
मा. परतीचा पाऊस,
मुक्काम बंगालचा उपसागर

विषय : अंगणात प्लास्टिकची हिरवळ अंथरली असल्याने यंदा जरा बेताने येण्याबाबत.

महोदय,

आपली-आमची ओळख पिढ्यांची. जूनमध्ये येणारे आपले थोरले बंधू सगळा माल सह्याद्रीवर उतरवतात आणि सोलापुरात रिकाम्या हाताने पोचतात. आमची खरी भिस्त सप्टेंबरात आपल्यावरच. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर हा आमचा वाटा. त्यातला बराचसा आपण चार-दोन संध्याकाळी ओतून मोकळे होता. आजवर आम्ही हूं की चूं केलं नाही. पण आता जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात हिरवळ आली आहे, तेव्हा काही गोष्टी लेखी असलेल्या बऱ्या.

(२०२५ च्या सप्टेंबरात पूर आणून सीना नदीकाठच्या गावांचं आपण जे केलंत ते थट्टेत घेण्यासारखं नाही. ते बाजूला ठेवतो. इथं प्रश्न फक्त एका बंगल्याच्या अंगणाचा आहे.)

हिरवळ का आली, तेही सांगतो. खरं गवत पाणी मागतं, आणि आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. प्लास्टिक काही मागत नाही, असं दुकानदार म्हणाला. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला तेव्हा तळपाय भाजू लागले आणि त्या न मागणाऱ्या गवतावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागलं, तो भाग वेगळा. हिरवं दिसतं, हे महत्त्वाचं.

आता आपल्याविषयीची तक्रार. अंथरायच्या आधी आमचा गवंडी लेव्हलची नळी घेऊन अंगणात फिरला आणि म्हणाला, "साहेब, आधी उतार काढा की. गवत कुठं पळून चाललंय?" त्याचं म्हणणं असं, की वरची काळी माती अर्धा-पाऊण फूट काढून टाकावी, खाली जिओटेक्स्टाइलचं कापड घालावं म्हणजे माती वर चढत नाही. त्यावर मुरूम आणि खडी थराथराने दाबून घ्यावी, आणि घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांना सव्वा ते अडीच इंच उतार ठेवावा. उताराच्या टोकाला जाळीची नाली, नालीतून शोषखड्डा. हे सगळं ऐकून आम्ही विचारलं, "यातलं दिसणार काय?" तो म्हणाला, "काहीच नाही." न दिसणाऱ्या गोष्टीवर कोण पैसे घालतं? मग कंत्राटदाराने मातीवरच दोन इंच वाळू पसरली, फळी फिरवली आणि अंगण कॅरमच्या पाटासारखं सपाट केलं. फोटो फार सुरेख आले.

तरीही आम्ही आपली सोय पाहिली नाही असं म्हणू नका. गवताच्या पाठीला जे लॅटेक्स असतं, त्याला कारखान्यातूनच भोकं पाडलेली येतात. ती आपल्याचसाठी. त्यांतून खाली उतरायचं, एवढंच आपलं काम. खाली काळी माती आहे, ती उन्हाळ्यात बोटं जातील अशी भेगाळते आणि भिजली की फुगून भेगा मिटवून घेते, मग तिच्यातून तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी झिरपतं, ही माहिती आम्हाला होती. शेतकऱ्याच्या घरातले आहोत. पण ती अडचण आपली आणि मातीची. मधे आम्हाला ओढू नका.

गच्चीच्या पाइपाचंही तसंच. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर आपण एक इंच पडलात, की दोन हजार तीनशे लिटर पाणी एकाच पाइपाने अंगणाच्या कोपऱ्यात येऊन आदळतं. टँकरवाल्याकडून आम्ही विकत घेतो तेच पाणी, फुकट आणि दारात. ते बोअरवेलच्या पुनर्भरणाला वळवावं असा एक सूर घरातून निघाला होता. पण त्यासाठी हिरवळीतून चर खोदावा लागला असता, आणि हिरवळ तर नुकतीच चिकटवलेली. त्यामुळे ते पाणी सध्या गवताखालची वाळू घेऊन फाटकाकडे जातं. जिथून वाळू गेली तिथं खड्डा, जिथं साचली तिथं उंचवटा. सपाट अंगणाचा डोंगराळ प्रदेश आपण तासाभरात करून दाखवता, हे आमच्यासारख्या पठारावरच्या माणसांना पाहवत नाही. साचलेल्या पाण्याच्या वासाबद्दल लिहीत नाही. शेजारी लिहिणार आहेत.

बाराव्या शतकात आमच्या सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातून तळं खोदून घेतलं. पुढे इंग्रजांनी एकरूखला बांध घातला. पाण्याला आधी जागा द्यायची, मग आपलं बघायचं, असा त्या काळचा भोळा रिवाज होता. आम्ही टेक्सासचा आदर्श घेतला. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियमात आतलं खरं गवत मेलं आणि १९६६ साली तिथं प्लास्टिकचं गवत अंथरलं. पुढे ते त्याच स्टेडियमच्या नावाने जगभर प्रसिद्ध झालं. आता त्या स्टेडियमला वर छप्पर होतं आणि आपल्याला तिथं प्रवेशच नव्हता, हे खरं. आम्ही फक्त छप्पर वगळलं.

कुणी म्हणेल, बॉक्स क्रिकेटचे टर्फ बघा, तिथं पाऊस थांबल्यावर लगेच खेळ सुरू होतो. होणारच. तासावर भाडं घेणारा माणूस आधी खडी आणि नाली करतो, कारण साचलेल्या पाण्याचं भाडं कुणी देत नाही. आमच्या अंगणात कुणी खेळत नाही. मुलं रस्त्यावर खेळतात; अंगणात चपला घालून यायला बंदी आहे.

सबब विनंती अशी, की आपण सावकाश, थेंबाथेंबाने आणि शक्यतो आमच्या फाटकाबाहेर पडावं. ढगफुटीसारखे प्रकार करायचेच असतील तर शेजारच्यांकडे अजून शहाबादी फरशी आहे, उतारासकट. त्यांच्या आजोबांनी घातलेली.

कळावे, लोभ असावा (बेताचा),

आपला,
एक हिरवळधारक

ता. क. : हिरवळीला गॅरंटी आहे, पण ती रंग न उडण्याची. पाण्याबद्दल कंत्राटदाराला फोन केला, तर म्हणाला, "साहेब, गवत तर आमचं एक नंबर आहे, पाऊसच जास्त झाला." म्हणून हे पत्र आपल्या पत्त्यावर.