थिसिसकर

आमच्या ग्रामपंचायतीत पत्ता विचारत येणारी माणसं तीन प्रकारची. एक बँकेची वसुलीवाली, दुसरी निवडणुकीच्या आधीची आणि तिसरा थिसिसकर. पहिल्या दोघांना आपल्याला काय हवंय हे पक्कं ठाऊक असतं.

थिसिसकरांची खरी आडनावं वेगवेगळी असतात, पण दरवर्षी एकदोन येतातच, म्हणून सोयीसाठी मी सगळ्यांना हेच आडनाव दिलंय. ओळखायला सोपे. अंगात खादीचा कुर्ता, पायांत डोंगर चढायचे जाडजूड बूट, पाठीवर सॅक आणि सॅकच्या जाळीत स्टीलची बाटली. वरून सेवाग्राम, खालून डेकॅथलॉन. दारातून वाकून आत येतो आणि म्हणतो, "सर, मी तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करतोय. तुमची पाच मिनिटं मिळतील का?" ही पाच मिनिटं पुढे दीड वर्ष चालतात.

मी ग्रामसेवक. २०२४ मध्ये सरकारने आमच्या पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं, पण गावाने ते अजून मनावर घेतलेलं नाही. गावाला मी भाऊसाहेब आणि थिसिसकराला 'सर'. प्रबंधात मात्र मी 'की इन्फॉर्मंट नंबर १' असतो. इतकी पदं तर आमच्या बीडीओसाहेबांनाही नाहीत.

हा प्राणी उगवतो कुठून, याची मी माझ्यापुरती चौकशी केली आहे. पवईच्या आयआयटीत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारं 'सितारा' नावाचं केंद्र निघालं आणि २००७ पासून तिथे या विषयात रीतसर एम.टेक. करता येतं. समाजशास्त्राच्या बाजूने येणारे वेगळे, पुण्यातून येणारे वेगळे. कुठूनही येवोत, येतात जव्हार-मोखाड्याकडेच. त्याला कारण आहे. इथे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मार्च संपला की पाड्यांवर टँकर लागतो. जमिनीखाली काळा कातळ, वर उतार, त्यामुळे पाणी मुरायला थांबत नाही. असा विरोधाभास प्रबंधाच्या पहिल्या पानाला आयताच मिळतो. शिवाय मुंबईहून सकाळी निघालं की जेवणाच्या वेळेला गावात हजर. मध्य वैतरणेचं पाणी इथून मुंबईच्या नळांना जातं आणि बदल्यात मुंबईहून आम्हाला थिसिसकर येतात. व्यवहार चोख आहे.

आमच्याकडे येण्याआधी त्याचं 'लिटरेचर' झालेलं असतं. म्हणजे गांधीजी, मग १९७३ चं शूमाखर, ज्यात लहान तेच सुंदर असतं, आणि मग रॉबर्ट चेंबर्स. या चेंबर्ससाहेबांनी १९८३ मध्ये पुस्तक लिहून बजावून ठेवलंय, की शहरातून खेडं बघायला येणारी माणसं डांबरी रस्त्यालगतची गावं बघतात, पुढाऱ्यांना भेटतात, बायाबापड्यांशी बोलत नाहीत आणि नेमकी सोयीच्या ऋतूत येतात. आमच्या थिसिसकराने हे सगळं मला फार तळमळीने समजावून सांगितलं. डिसेंबर महिना होता, कार्यालय डांबरी रस्त्याला लागून आहे आणि चहा सरपंचांनी मागवला होता.

त्यानंतर येतो डेटा.

"सर, गेल्या दहा वर्षांचा पाणीपट्टीचा डेटा मिळेल का?"

ग्रामपंचायतीच्या दप्तराचे नमुने एक ते तेहेतीस असतात. मी कपाट उघडून दाखवलं. तो दोन पावलं मागे सरला.

"सॉफ्ट कॉपी नाहीये का, सर?"

"खालच्या खणातल्या वह्यांना वाळवी लागलीय. त्या बऱ्यापैकी सॉफ्ट झाल्यात."

तो हसला नाही. त्याने वहीत 'संस्थात्मक स्मृतीचा ऱ्हास' असं लिहून घेतलं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की वाळवी हा माझा दोष नसून संशोधनाचा विषय आहे.

पुढच्या आठवड्यात लोकसहभाग झाला. शाळेच्या मैदानात बायकांना बसवून रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा आणि मग गावाच्या गरजांना पसंतीक्रम द्यायचा. पाणी, आरोग्य, शिक्षण, रस्ता अशा चिठ्ठ्या मांडल्या आणि प्रत्येकीने हव्या त्या चिठ्ठीवर नागलीचे दाणे ठेवायचे, असं ठरलं. पद्धत चांगली आहे, अक्षर न येणाऱ्या माणसालाही मत देता येतं. अडचण एवढीच झाली की थिसिसकर फोटो काढायला मागे सरकत गेला आणि तेवढ्यात दोन कोंबड्या सहभागी झाल्या. आरोग्याचा ढीग बघता बघता साफ झाला आणि शिक्षण दुसऱ्या क्रमांकावर आलं. "परत मांडू या का?" असं त्याने विचारलं, तेव्हा बाया उठून पदर झटकत होत्या. गुरं सोडायची वेळ झाली होती. प्रबंधात तक्ता ४.२ बघावा, शिक्षण अजून दुसरंच आहे.

पाण्याची मोजदाद मात्र तो मन लावून करतो. पहाटे विहिरीवर जाऊन बसायचं आणि हंडे मोजायचे. जलजीवन मिशन २०१९ मध्ये आलं तेव्हापासून माणशी रोज ५५ लिटर हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का आहे. त्याने बायांना सांगितलं, की हंडा पंधरा लिटरचा धरला आणि घरात सहा माणसं असली तर तुमच्या हक्काचे रोजचे बावीस हंडे होतात. बाया इतक्या हसल्या की एकीचा दोर हातातून सुटला. "बावीस आणायला कोण, तू का?" हा प्रश्न त्याच्या प्रश्नावलीत नव्हता. पण त्याने एक हंडा उचलून डोक्यावर घेतला, हे मी कबूल करीन. वरच्या पाड्यापर्यंत पोचला तेव्हा हंड्यात निम्मं आणि कुर्त्यावर निम्मं होतं. त्या दिवसापासून त्याला घराघरांतून भाकरी मिळायला लागली आणि बाटलीबंद पाण्याचा खोका सरपंचांच्या पडवीत तसाच राहिला.

प्रश्नावली मोबाईलवर होती. सत्तेचाळीस प्रश्न, आणि लाल चांदणीवाल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा उघडत नाही. वरच्या पाड्यावरच्या आजींकडे मी त्याच्याबरोबर गेलो होतो.

"आजी, नळयोजनेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप."

"नळाला पाणीच नाय."

"म्हणजे एक लिहू?"

"एक तरी कसा? नाय म्हटलं ना मी."

"शून्य नाहीये यात, आजी."

आजींनी त्याच्याकडे बघितलं, मग मोबाईलकडे बघितलं. "पाच टाक बाबा. तू लांबनं आलायस."

त्याने तीन टाकलं. तीन म्हणजे तटस्थ. वरच्या पाड्यावर अशी तटस्थ घरं एकोणीस निघाली.

आता मूळ प्रश्न. आमची योजना साधी आहे. नदीकाठी विहीर, पंप, टेकाडावर टाकी आणि टाकीतून उताराने नळ. खालच्या पाड्याला पाणी जातं, वरच्याला जात नाही. का जात नाही, हाच थिसिसकराचा विषय. त्याने ईपानेट नावाच्या सॉफ्टवेअरवर सबंध योजना उभी केली. पाईप किती इंची, टाकी किती उंच, पाडा किती मीटरवर, सगळं भरलं. रात्रभर लॅपटॉप गरम झाला आणि सकाळी उत्तर आलं, की वरच्या पाड्याला पाणी व्यवस्थित जातं आहे.

थिसिसकर खचला. लॅपटॉपवर पाणी होतं आणि पाड्यावर नव्हतं. त्याने गाइडना फोन केला. रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर येते, त्यामुळे गाइडशी झालेलं बोलणं चौथीच्या वर्गाला पाठ असतं. गाइड म्हणाले, लाइन चालून बघ. मग हातात जीपीएस घेऊन तो टाकीपासून पाईपलाइन चालू लागला. मागे शाळेची पोरं आणि त्यांच्यामागे काटक्या गोळा करायला निघालेल्या आजी. वळणावर तो थांबून उंची टिपून घेत होता, तेव्हा आजी म्हणाल्या, "इथंच वॉल होता ना."

"कुठला वॉल, आजी?"

"वरच्या पाड्याचा. रस्ता झाला तवा गाडला. बंद करून गेले, उघडलाच नाय कोणी."

रस्ता झाला तो माझी इथे बदली व्हायच्या आधी. पाणी सोडणाऱ्या पोराची नेमणूक त्याहून अलीकडची. कुदळ आणली, हातभर मुरूम काढला, तर खाली चेंबर आणि चेंबरात गंजलेला वॉल. रॉकेल ओतून, पान्याला पाईप अडकवून चार जणांनी फिरवला. दुपारी वरच्या पाड्याच्या नळाला आधी वारा, मग लाल गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं. पाड्यावर आरडाओरडा झाला.

"आजी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" थिसिसकराने विचारलं.

"तू इचारलंस का? तू इचारत होतास समाधानी हाय का."

इतरांना वाटेल, इथे गोष्ट आनंदाने संपली. थिसिसकराची तिथे सुरू झाली. संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. गाइड गच्चीवरून कडाडले होते. प्रश्न सोडवायला कोणी सांगितलं होतं? बेसलाइन अर्धीच झाली आहे! आधीची स्थिती नोंदवलेली नसेल, तर नंतरची कशाशी ताडून बघणार? प्रॉब्लेम स्टेटमेंट मंजूर होऊन बसलं होतं आणि गावात प्रॉब्लेमच शिल्लक नव्हता.

बराच वेळ तो टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत होता. मग म्हणाला, "सर, एक विचारू? फक्त पंधरा दिवस… तो वॉल परत बंद ठेवता येईल का?"

मी म्हटलं, "मला काही अडचण नाही. आजींना विचारून घ्या."

विचारायला तो गेला नाही. तेवढा लोकसहभाग त्याच्या अंगी मुरला होता.

त्यानंतर थिसिसकर शहरात गेला आणि सबमिशनच्या आदल्या पंधरवड्यात त्याने प्रबंध लिहिला. बांधलेली प्रत पोस्टाने आली. गोपनीयता काटेकोर पाळली होती. गावाचं नाव 'व्हिलेज अ', सरपंच 'रिस्पॉन्डंट ७'. फक्त शेजारच्या पानावर उपग्रहाच्या नकाशात गाव अक्षांश-रेखांशासह दाखवलं होतं आणि सरपंचांच्या घराचं निळं छप्पर स्पष्ट ओळखू येत होतं. सरपंच खूश झाले. आभाराच्या पानावर आईवडील, गाइड, हॉस्टेलचे मित्र, मेसवाले काका आणि माझं चुकीच्या आद्याक्षरांचं नाव होतं.

वॉल मी शोध शोध शोधला. प्रकरण दोनमध्ये शूमाखर होते, तीनमध्ये ईपानेट, चारमध्ये कोंबड्यांचं शिक्षण. वॉल शेवटी परिशिष्ट 'ई'मध्ये सापडला, एका ओळीत. मराठीत सांगायचं तर असं : 'स्थानिक ज्ञानाच्या आधारे सामाजिक-तांत्रिक अडथळ्याचे निराकरण करण्यात आले.' ही ओळ मी आजींना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "कोणाचं निराकरण झालं?"

तोंडी परीक्षेचा वृत्तान्त त्याने फोनवर सांगितला. बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "हे स्केलेबल आहे का?" म्हणजे असे वॉल राज्यभर उघडता येतील का. त्याने उत्तर दिलं, "सर, प्रत्येक गावात एक आजी लागेल." त्याला चांगली ग्रेड मिळाली.

प्रबंधाच्या शेवटी शिफारशी असतात. पहिली शिफारस, अधिक संशोधनाची गरज आहे. ही सगळ्याच प्रबंधांत पहिली असते, नाहीतर पुढच्या वर्षीचा थिसिसकर कुठे जाईल? दुसरी शिफारस, ग्रामसेवकांचे क्षमतावर्धन करण्यात यावे. शिफारशी कोणी अमलात आणत नाही, अशी माझी नोकरीभराची समजूत होती. ही आणली गेली.

परवा पंचायत समितीच्या सभागृहात आमचं क्षमतावर्धन झालं. सल्लागार म्हणून आला होता तोच. कुर्ता गेला होता, इस्त्रीचा शर्ट आला होता, बूट तेच होते. तिसऱ्या स्लाइडवर आमचा वॉल होता, एका फोटोत गाडलेला आणि एकात उघडा. त्याने तालुक्यातल्या सगळ्या ग्रामसेवकांना सांगितलं, की पाईपलाइन चालून बघा आणि चालताना म्हाताऱ्या माणसांना विचारा, वॉल कुठे आहेत. सॉफ्टवेअरचं नाव त्याने शेवटी घेतलं, तेही जेवणाची वेळ झाल्यावर. शेजारच्या गावचे भाऊसाहेब माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पोरगा कामाचं बोलतोय."

शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आला. आजच्या प्रशिक्षणाबद्दल आपण किती समाधानी आहात? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप. सकाळी दहाचं प्रशिक्षण साडेअकराला सुरू झालं होतं आणि जेवणात भात कच्चा होता.

मी पाच टाकले. लांबनं आला होता.