नानांची वेल

नानांच्या घरी पंखा दोनच्या पुढे जात नाही. मे महिन्यातली दुपार असली तरी पाहुण्याने घाम पुसत बसायचं. "तिला वारा बाधतो," नाना सांगतात. ती म्हणजे मनीप्लांटची वेल. टीव्हीशेजारच्या बाटलीतून निघून ती खिडकीच्या गजावर, तिथून दत्ताच्या तसबिरीवर आणि पुढे घड्याळावर गेली आहे. सेल बदलायचा तर वेल हलवावी लागेल, म्हणून त्या घरात कायम पावणेचार वाजलेले असतात. बाटली क्वार्टरची आहे. "खोकल्याच्या औषधाची," नाना न विचारताच सांगतात.

असे नाना गल्लीगणिक सापडतात. आमचे किन्हवलीचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मागचं दार उघडलं की आंबा, ऐन, पळस, आणि पावसाळ्यात त्यांच्यावर चढलेल्या कितीतरी वेली. नाना तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. "ते काय, रान आहे!"

रविवारी जुन्या बनियनच्या ओल्या फडक्याने पान न् पान पुसलं जातं. शेंडा खाली लोंबू द्यायचा नाही, घरातला पैसा उतरतो म्हणे. वेल छताला टेकली. पैसा कुठे चढला ते काकूंना अजून दिसलेलं नाही. तानसा, भातसा आमच्याच शहापूर तालुक्यात, पण पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. तेव्हा नाना अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतात. बाटलीचं पाणी मात्र दर गुरुवारी बदलतं, तेही गाळून.

नातवाने एकदा पान चावलं आणि तोंड खाजतंय म्हणून घर डोक्यावर घेतलं. काकू घाबरल्या. नानांनी त्याला चूळ भरायला लावली आणि वर वेलीचीच बाजू घेतली : "अळवाच्या, शेवळ्याच्या भावकीतली आहे, खाजणारच! शेवळं काकडाशिवाय खातोस का तू?" कल्याणला शिकणारा पुतण्या म्हणाला, ही वेल मूळची ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरची. "असेल. वाढलीय किन्हवलीत."

त्यांना एकच गोष्ट सहन होत नाही. मागे काकूंनी वैतागून छाटलेला एक तुकडा आंब्याच्या बुंध्याशी भिरकावला होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि तो बुंधा धरून वर गेला. चढायला आधार, वर उजेड आणि ओल मिळाली की या वेलीचं पान वाढतच जातं. आता तिथली पानं सुपाएवढी, कडांनी फाटलेली. घरातली अजून विड्याच्या पानाच्या मापाची. कुणी हे दाखवलं की नाना तुटकपणे म्हणतात, "ती जात वेगळी."

तुकडा मागितलात तर मिळणार नाही. मनीप्लांट चोरूनच लावायचा, मागून आणलेला जगत नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे. म्हणून उठायच्या वेळी ते कात्री टीपॉयवर ठेवतात, "मी जरा मागे जाऊन येतो हां," असं मोठ्याने सांगतात आणि परसात उगाच खोकत उभे राहतात. परत आल्यावर शेंडे मोजतात. एखादा पापभीरू पाहुणा रिकाम्या हातानेच निघाला, तर ओट्यापर्यंत पोचवायलाही येत नाहीत. "काय ही आजची पोरं," काकूंना ऐकू जाईल असं पुटपुटतात, "साधी चोरी येत नाही!"