मुक्या अक्षरांचा कैवारी

इंदूरच्या साउथ तुकोगंजातील मराठी घरांत इंग्रजी भाषेचा एक छिद्रान्वेषी रसिक, म्हणजे तिच्यातील भोके शोधण्यातच परमानंद मानणारा गृहस्थ, हमखास आढळतो. तो बहुधा सरकारी खात्यातून निवृत्त झालेला असतो आणि सकाळच्या पोह्यांच्या वेळी त्याची वाणी विशेष प्रखर असते. या व्यासंगाचे बीज त्याच्या पत्त्यातच असावे, कारण तुकोजीराव होळकरांचे नाव, बाजारपेठ या अर्थाचा फारसी वळणाचा ‘गंज’ आणि साहेबाची दक्षिण दिशा अशी मोट त्यात बांधलेली आहे. शहराचे नाव तर मराठीत इंदूर, हिंदीत इंदौर आणि रोमन लिपीत शेवटी एक निरुद्योगी ‘ई’ घेऊन उभे आहे. अशा लिहिल्या जाणाऱ्या पण न उच्चारल्या जाणाऱ्या मूक अक्षराला हा गृहस्थ ‘पेन्शनर’ म्हणतो आणि त्याच्याविषयी व्यवसायबंधूची आस्था बाळगतो. कर्जवाचक ‘डेट’ या शब्दातील ‘बी’ पंडितांनी केवळ लॅटिन ‘डेबिटुम’शी नाते दाखवण्याच्या हौसेने मागाहून घुसवला, हे तो हप्ते थकवणाऱ्या भाच्यालाही सांगतो.

जवळचे महू हे त्याचे आवडते रणांगण आहे. ‘ओ’ आणि ‘डब्ल्यू’ ही जोडी गाईच्या ‘काऊ’त एक, ‘लो’मध्ये दुसरा आणि महूच्या स्पेलिंगात तिसराच आवाज काढते, हे दाखवून झाल्यावर, महू हे लष्करी मुख्यालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून बनले, या लोकप्रिय थापेवर तो तुटून पडतो. इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीत मिळणारा शाकाहारी हॉट डॉग तो आवडीने खातो, मात्र येथे शाकाहारी कोण, खाणारा की कुत्रा, असा श्लेष, म्हणजे एका शब्दावर दोन अर्थांचे ओझे लादण्याचा अलंकार, साधल्याशिवाय पहिला घास घेत नाही. (दुकानदाराने हा विनोद किती वेळा सोसला असेल, याचा हिशेब न केलेला बरा.)

त्याचे ब्रह्मास्त्र म्हणजे ‘जी-एच-ओ-टी-आय’. ‘इनफ’मधला ‘फ’, ‘विमेन’मधला ‘इ’ आणि ‘नेशन’मधला ‘श’ जोडल्यास या अक्षरांचा उच्चार ‘फिश’ होतो. म्हणून मुंबईहून नाशिकला निघालेला प्रवासी इगतपुरीनंतर घोटीला नव्हे, मासळीला पोहोचतो, असा सिद्धांत तो मांडतो. ही युक्ती बर्नार्ड शॉची असे कोणी म्हटले, की शॉ जन्मला 1856 साली आणि युक्ती 1855 च्या पत्रात सापडते, हे ऐकवताना त्याचा चष्माही चमकतो.

त्याच्या मते देवनागरीत असला घोळ नाही. जसे लिहावे तसे वाचावे. परंतु हिंदी वातावरणात वाढलेला, प्रत्येक ‘च’ चंद्रातल्यासारखाच म्हणणारा नातू एके दिवशी विचारतो, ‘‘आजोबा, चमचाच्या शेवटी वेगळा च आणि चमचेच्या शेवटी वेगळा च, हे लिहिलंय कुठे?’’ तालव्य म्हणजे टाळूला जीभ लावून काढलेला आणि दंततालव्य म्हणजे दातांच्या मुळाशी सरकलेला, असे दोन ‘च’ मराठी एकाच अक्षरात कोंबते, हे आजोबांना ठाऊक असते. तरीही, हिंदीच्या शेजाराने इंदुरी मराठीत रुळलेल्या क्रियापदाचा आश्रय घेऊन ते एवढेच म्हणतात, ‘‘अरे, पोहे थंड होऊन राहिलेत, आधी खा.’’