गळती कसली, साठेबाजी!

'मेमरी लीक'ला 'गळती' म्हणणाऱ्याला नळाचा अनुभव दांडगा असावा, प्रोग्रामिंगचा बेताचा. मुळा धरणाहून नगरला येणारी पाइपलाइन गळली की पाणी रस्त्यावर दिसतं. जँगो या पायथन फ्रेमवर्कवरची रात्रभर चालणारी स्क्रिप्ट 'गळते' तेव्हा थेंबही बाहेर पडत नाही, ती आतल्या आत फुगते. याला साठेबाजी म्हणतात. नगरजवळच्या केडगावकराला हे फोडून सांगायला नको, नेप्तीचं कांदा मार्केट जवळच आहे. भाव येईल म्हणून चाळीत कांदा राखण्यात निदान हिशेब असतो, खालून वारा खेळता ठेवलेला असतो आणि चार कांदे नासले तर वास आधी मालकाच्याच नाकात जातो. (रॅमला वास असता तर आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना शेजाऱ्यांनी राहू दिलं नसतं.)

साठा कशाचा? जँगोचं 'डीबग' सेटिंग चालू राहिलं, तर डेटाबेसला विचारलेली प्रत्येक क्वेरी आणि तिला लागलेला वेळ जँगो टिपून ठेवतो. वेबसाइटवर नवी रिक्वेस्ट आली की ही पाटी पुसली जाते. स्क्रिप्टकडे रिक्वेस्ट फिरकतच नाही; पाटी आपणच पुसायची, हे तिला बिचारीला कोण सांगणार? जाणकार म्हणतील, २०१५च्या १.८ आवृत्तीपासून ९,००० नोंदींची मर्यादा आहे. आहे ना! पण एकेका नोंदीत हजार ओळींचा इन्सर्ट असेल, तर मर्यादेचीच गोदामं होतात. शिवाय लाखभर ओळींच्या क्वेरीसेटवर सरळ लूप फिरवला की त्या सगळ्या क्वेरीसेटच्या पोटात राहतात. 'इटरेटर' लावला तर तो २,००० ओळींचे घास घेतो.

'रॅम वाढवा' हा सल्ला म्हणजे नासक्या कांद्यासाठी दुसरी चाळ. वस्तूला कुणीच धरून नसेल, तर पायथन ती स्वतःहून सोडतो. अडकते ती कुणीतरी अजून हात न सोडल्यामुळे. घराघरांतल्या माळ्यावरचा, गेलेल्या माणसाचा बंद रेडिओ याच नियमाने टिकतो, आणि तिथे मला कुठलीही दुरुस्ती सुचवायची नाही. स्क्रिप्टला मात्र ही सवलत नाही. तिच्यासाठी पायथन ३.४पासून मेमरीचा माग काढणारं ट्रेसमॅलॉक आहे: दोन वेळचे स्नॅपशॉट घ्या, कुठली ओळ फुगली ते कळतं. कॉलच्या साखळीतली एकच फ्रेम मागितली की दोष जँगोच्या फाइलवर येतो आणि आम्ही सुखावतो. २५ मागितल्या की साखळीत आमचीच फाइल निघते, मग 'गिट ब्लेम' ती ओळ लिहिणाऱ्याचं नाव सांगतं. म्हणून आम्ही आधी सर्व्हर रीस्टार्ट करून बघतो.