पूर्वज कसे हुडकावेत: पुणतांब्याच्या नवशिक्यांसाठी

आपल्या गावच्या चांगदेव महाराजांना वंशावळीसाठी कचेरीत खेटे घालावे लागले नसते. चौदाशे वर्षे जगलेला माणूस म्हणजे स्वतःच जिवंत दप्तर. तुम्हाआम्हाला मात्र पणजोबांच्या पुढे काही ठाऊक नसते आणि २०२३ पर्यंत त्यावाचून कुणाचे अडतही नव्हते. त्या साली मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी शिंदे समिती नेमली गेली, जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि घरोघरी पूर्वजांविषयी प्रेमाचे भरते आले. ज्यांचा भाद्रपदातला घास कावळ्यावर सोपवून आपण मोकळे होत होतो, त्यांच्यासाठी आता रजा टाकायची वेळ आली आहे.

साहित्य: आधारकार्डाच्या भरपूर झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सुटे पैसे, पाण्याची बाटली आणि भावकीतली एक म्हातारी. शेवटची बाब आधी गाठा. बाकीचे बाजारात मिळते.

पायरी १: म्हातारीपाशी बसा. सन-तारीख विचारू नका. "दुष्काळाच्या आधी का नंतर?" असे विचारा. दुष्काळ म्हणजे १९७२ चा, हे तिने सांगायची गरज नाही. आजेसासऱ्याचे नाव ती 'दगडू' सांगेल. आधीची मुले जगली नाहीत म्हणून पुढच्याला दगड-धोंडा म्हणायचे, म्हणजे काळाची नजर जात नाही. गुरुजींनी शाळेत दुसरेच नाव घातले असेल तर तेही विचारून घ्या. काळ चकला तसे तुम्हीही चकाल.

पायरी २: शाळेत जा. जनरल रजिस्टर मागा आणि त्यातून प्रवेश निर्गम उतारा घ्या. आजोबा, त्यांचे तिन्ही भाऊ आणि निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला दिसेल. घाबरू नका. तो योगायोग नव्हे, गुरुजींची सोय आहे. जातीचा रकाना पाहा. इतर मागासवर्गासाठी पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. आजोबांनी त्यानंतर शाळेत नाव घातले असेल, तर त्यांचा आळस तुम्हाला भोवला असे समजा आणि पणजोबांकडे वळा.

पायरी ३: तहसील कचेरी. इथे गाव नमुना १४ मागा. कोतवालाने ठेवलेली ही जन्म-मृत्यूची नोंद, म्हणूनच तिला कोतवाल बुक म्हणतात. पुणतांबा आज राहाता तालुक्यात, पूर्वी कोपरगावात, तेव्हा दोन्हीकडे जायची तयारी ठेवा. जिल्हाही आता अहिल्यानगर झाला आहे. आजोबा बसल्या जागेवरून हलले नाहीत, पत्ता मात्र बदलत राहिला. म्हातारीचे माहेर गोदावरीपलीकडे वैजापूरकडचे असेल तर आणखी मौज. १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाचा, त्यामुळे कागद उर्दूतही निघेल.

नोंद साधारण अशी सापडेल: 'गणू बिन राघू, वय ४०, ताप.' आडनाव नाही. त्याच पानावर आणखी एक गणू, तोही राघूचाच. यातला आपला कोण? शेताचा फेरफार जुळतो तो. १९१८ ची पाने पाहताना जरा दमाने घ्या. त्या वर्षी इन्फ्लुएंझाची साथ होती. कोतवालाचा हात थांबलेला दिसत नाही आणि 'ताप' हा शब्द पानभर खाली उतरत जातो.

पायरी ४: मोडी. कागद मोडीत असेल तर स्वतः वाचायचे धाडस करू नका. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी अक्षरे तिला लटकवायची, अशी ही लिपी. शब्द कुठे तुटतो ते सांगत नाही, ऱ्हस्व-दीर्घ मानत नाही. उत्साही पुतण्याला त्यात शिवाजी महाराजांचा सरदारही दिसतो. जाणकाराला पैसे द्या. तो गणूच वाचेल.

पायरी ५: तीर्थोपाध्याय. नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी जा. गाव आणि आडनाव सांगितले की आपले उपाध्याय कोण ते कळते आणि वही निघते. अस्थी घेऊन कोण आले, बरोबर कुठले भाऊ होते, मुले किती, सारे तिथे असते. शेवटी आजोबांची सही किंवा अंगठा. झेरॉक्स मागू नका, दक्षिणा विसरू नका.

ख्रिस्ती शेजाऱ्यांचा हेवा वाटेल. नगरात १८३१ पासून मिशन, त्यामुळे बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा एका माणसाच्या तीन-तीन नोंदी. पण वह्या असल्या म्हणून टिकतात असे नाही. आयर्लंडात १९२२ साली डब्लिनचे सरकारी दप्तर जळाले आणि शेकडो चर्चवह्यांची राख झाली. आपल्याकडे वाळवी तेच काम आगीशिवाय करते.

पायरी ६: अर्ज. वंशावळ आणि शपथपत्र जोडा. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले, तर उत्तरात पासष्ट ओव्या आल्या. तुम्ही रकाना कोरा ठेवलात तर 'त्रुटी' एवढेच येईल. 'नक्कल कशासाठी हवी?' या रकान्यात 'जात पडताळणी' लिहा. 'पणजोबा कोण होते ते कळावे म्हणून' असे लिहिलेत तर कारकून आधी तुमच्याकडे आणि मग घड्याळाकडे बघेल.

पायरी ७ (ऐच्छिक): आता पणजी शोधा. वंशावळीत तिला जागा नाही, ती बापाकडून बापाकडे चढते. कोतवालाने लिहिले असेलच तर 'कोम गणू', म्हणजे गणूची बायको. तिचे माहेर, तिच्या आईचे नाव, काही नाही. कुठल्याच दाखल्याला ती लागत नाही, त्यामुळे या कामाला रांगही नाही. पुन्हा म्हातारीकडे जा आणि या वेळी झेरॉक्स घरी ठेवा.