फोनवरून जिनिंगचा फिटर निवडताना

दसरा जवळ आला की बोदवडच्या जिनिंगवाल्याला फिटर लागतो आणि चांगला फिटर तोवर मलकापूरकडच्या कुणीतरी ठरवून टाकलेला असतो. उरलेल्यांची चाळणी फोनवरच लावावी. प्रत्येकाला बोलावून घेतलं तर हंगाम चहापाण्यातच जाईल.

फोन सकाळी करू नये. उमेदवार शेतात असतो आणि त्याचा फोन घरी चार्जिंगला. शनिवारीही नको, तो शिरसाळ्याच्या मारुतीला गेलेला असतो. रात्री जेवणं झाल्यावर करावा. मुलाखत हा शब्द काढू नये, माणूस धास्तावतो. "काय भो, कसं काय?" एवढं पुरे.

"कोणाचा रे तू?" हे मात्र चुकूनही विचारू नये. दोन मिनिटांत तो तुमच्या आत्याच्या दिराचा नातू निघतो. मग त्याला नापास करून तुळशीच्या लग्नानंतरच्या पंगतींत बसायचं कुठे?

थेट रोलरवर यावं. चामड्याच्या रोलरवरच्या खाचा झिजल्या तर काय होतं? ज्याला येतं तो म्हणेल, "रुई कमी निघते, खाचा पुन्हा पाडाव्या लागतात." ज्याला येत नाही तो म्हणेल, "पाहून घेऊ." हा हंगामभर पाहतच राहतो. तिसरा म्हणतो, "थांबा भाऊ, मालगाडी चाललीये." मुंबई-हावडा मार्गावर मालगाड्यांना तोटा नाही, त्यामुळे संशयही घेता येत नाही. पण गाडी गेल्यावर उत्तर अचूक आलं, तर खरा फिटर त्याच्या शेजारी बसलाय असं समजावं आणि फोन त्याच्याकडे द्यायला सांगावं.

गाठ किती किलोची, हे विचारून वेळ घालवू नये. 170 हा आकडा इथलं शाळकरी पोरही सांगतं. त्यापेक्षा ओल्या कापसाचं विचारावं. सीसीआय 12 टक्के ओलाव्याच्या वर हात लावत नाही. तुमच्या दारात मात्र परतीच्या पावसात भिजलेला येतो. "वाळवू" म्हणणारा प्रामाणिक, "चालवू" म्हणणारा मालकाचं मन ओळखणारा. आपल्याला कोणता हवा, हे फोन लावण्याआधी ठरवावं.

पगाराचा आकडा ऐकून उमेदवार "विचारून सांगतो" म्हणेल. अर्ध्या तासात त्याच्या मामांचा फोन येईल. पगार किती तारखेला होतो? मागचा फिटर का सोडून गेला? मागच्या साली कापसाच्या गंजीला आग लागली, ती तुमच्याकडेच ना? इथे उसळू नये. उत्तरं थोडक्यात, आदरानं द्यावीत आणि शेवटी विचारावं, "मग कळवता ना, मामा?"